सर, मग्सी बोग्सची गोष्ट सांगितल्याबद्दल मनापासून आभार

सर, नमस्कार.

तुम्ही रिटायर झाले तेव्हा शाळेत कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, पण मला जे बोलायचं होतं ते दोन मिनिटांत बसणारं नव्हतं, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत पीटीचा तास म्हणजे कबड्डी नाहीतर खो-खो, फार झालं तर व्हॉलीबॉल. तुम्ही अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, बास्केटबॉलचं वेड घेऊनच आले, आल्या आल्या वेल्डिंगवाल्याकडून सळईची रिंग करून घेतली, शाळेतला जुना लाकडी फळा बोर्ड म्हणून ठोकला आणि रिंग बरोब्बर दहा फुटांवर बसवली. काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की बॉल उसळायचाच नाही, मग आपण गोदामासमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर जायचो. ओट्यावर कोणाचे सोयाबीनचे पोते असले तर ते आधी आपणच बाजूला सारायचो.

त्याच ओट्यावर तुम्ही मला मग्सी बोग्स सांगितला, अमेरिकेतला बास्केटबॉलचा प्लेअर. मी वर्गात सगळ्यात बुटकी, अजूनही पाच फुटाला दोन इंच कमीच आहे, आणि मला बॉल आवडायचा पण रिंगखाली गेले की कोणीही डोक्यावरून हिसकायचं. दुसरं कोणी असतं तर पहिल्या वाक्यात सांगितलं असतं की बघ, पाच फूट तीन इंचाचा माणूस एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये, खेळला. तुम्ही तसं केलं नाही. तुम्ही बाल्टिमोरपासून सुरुवात केली. 1965 चा जन्म, गरिबांच्या सरकारी बिल्डिंगांमधलं घर, पाच वर्षांचा असताना रस्त्यावर सुटलेल्या बंदुकीचे छर्रे अंगात घुसले, बाराव्या वर्षी बाप जेलमध्ये, मायनं घर सांभाळलं. मग डनबार हायस्कूल. ती टीम सलग दोन सीझन हरलीच नाही, आणि त्याच शाळेचे तीन पोरं, रेगी विल्यम्स, बोग्स आणि रेगी लुईस, 1987 च्या एकाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे प्लेअर निवडतात त्यात, पहिल्या राउंडमध्ये निवडले गेले, बोग्स बाराव्या नंबरवर. तुम्ही म्हणाले, एका शाळेच्या मास्तरानं काय मेहनत घेतली असंल पाय. तेव्हा काही वाटलं नाही, आता कळतं तुम्ही कोणाकडून काय घेत होते ते.

उंची तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितली. आणि तोपर्यंत माझ्या डोक्यात तो एक मोठा प्लेअर झाला होता, बुटका नाही.

सर, मला हेच सांगायचंय. आजकाल मोबाईलवर त्याचा फोटो फिरतो, सात फूट सात इंचाच्या मनूट बोलच्या शेजारी उभा असलेला, दोघं एनबीएच्या वॉशिंग्टन बुलेट्स ह्या एकाच टीममध्ये होते, आणि खाली लिहिलेलं असतं की स्वप्न बघा, सगळं शक्य आहे. मला ते वाचून राग येतो. त्यानं नुसतं स्वप्न बघितलं नाही, त्यानं ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, खाली आणला. बॉल गुडघ्याच्या खाली ठेवला, समोरच्याच्या हातातला बॉल वर जायच्या आधी काढून घेतला, पूर्ण कोर्टभर माणसाच्या अंगाला चिकटून राहिला. 1986 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप स्पेनमध्ये झाली तेव्हा युगोस्लाव्हियाच्या ड्राझन पेट्रोविचवर अमेरिकेनं ह्यालाच सोडला होता, आणि गोल्ड घेऊनच आले. बुलेट्सनं एका सीझननंतर राखून ठेवला नाही, 1988 ला शार्लट हॉर्नेट्स नवीन टीम तयार होत होती त्यांनी उचलला, आणि आजही हॉर्नेट्सकडून सगळ्यात जास्त असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करता यावी असे पास, ह्याच माणसाचे आहेत. पूर्ण करिअरमध्ये 6,858 पॉइंट्स आणि 6,726 असिस्ट, म्हणजे स्वतः जेवढे पॉइंट्स केले जवळपास तेवढ्याच वेळा दुसऱ्याला बास्केट करून दिली. आणि एकदा बॉल हातातून गमावला तर त्यामागे साडेचारपेक्षा जास्त असिस्ट. हा आकडा तुम्ही खडूनं ओट्यावर लिहिला होता आणि म्हणाले होते, हे पाठ कर, बाकी विसरली तरी चालते.

आणि ती तुराटी! तुम्ही वावरातून वाळलेली तुराटी आणायचे, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर आडवी धरायचे आणि मी तिच्याखालून ड्रिबल करत पुढं सरकायचं, बॉल लागला की कटकन मोडायची आणि तुम्ही न बोलता दुसरी घ्यायचे. "पाय पोट्टी, लंब्या माणसाले वाकाले टाइम लागते, तेवढ्यात तू पुढं गेली पायजे," एवढंच. उन्हाळ्यात सकाळी, ऊन तापायच्या आत, डाव्या हातानं, मान वर ठेवून. डावा हात माझा तिथंच तयार झाला.

निवड चाचणीला एकानं मला न खेळवताच हिला खो-खोत टाका म्हटलं होतं, तेव्हा तुम्ही भांडले नाही, फक्त म्हणाले पाच मिनिटं बॉल देऊन पाहा. बस. मी कॉलेजच्या टीममधून खेळले, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ चालवणारी, फार पुढं नाही गेले, पण जेवढी खेळले तेवढ्यात कोणी माझ्यासाठी दया दाखवून जागा केली असं एकदाही वाटलं नाही, आणि ह्या गोष्टीची किंमत मला शब्दात सांगता येत नाही. बाबा कास्तकार, कापसाचे पैसे कधी आले कधी नाही, बसचं भाडं कितीदा तुमच्या खिशातून गेलं ते तुम्ही घरी कोणाला कळू दिलं नाही. मला माहीत आहे सर. बाबांनाही माहीत होतं.

आता मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, संध्याकाळी ड्युटी झाली की गावातल्या पोरींना शिकवते. पोरींना बोग्सची गोष्ट मी तुमच्यासारखीच सांगते, उंची शेवटी. बोग्स 2001 पर्यंत खेळला, वॉरियर्स आणि रॅप्टर्सकडूनही, आणि नंतर शार्लट स्टिंग ह्या बायकांच्या टीमचा कोच झाला, हे मी तुम्हाला सोडून कोणाकडून ऐकलं नव्हतं. पण पोरींना सगळ्यात जास्त आवडते ती 14 एप्रिल 1993 ची मॅच, सात फुटी पॅट्रिक युइंगचा शॉट त्यानं ब्लॉक केला ती. आपल्याकडं भीमजयंती असते त्या दिवशी, म्हणून तारीख लक्षात राहते असं तुम्हीच म्हणायचे. ते सांगताना तुम्ही उठून उडी मारून दाखवायचे ना, ते मला काही तसं जमत नाही.

तर सर, ह्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आपल्या गावात या. गुडघा दुखतो तर उडी मारू नका, बसून सांगा. काकूंनाही आणा, आई पाटोडीचा रस्सा करणार आहे, आणि बसस्टँडवर घ्यायला माझा भाऊ गाडी घेऊन येईल, फक्त निघायच्या आधी एक फोन करा.

तुमची विद्यार्थिनी