शैले, रामभाऊ बोलला

सांगली,
बुधवार, रात्र

प्रिय शैले,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. माझी तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. पण आज जे लिहितेय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

रामभाऊच्या अंगावरून वारं गेलं. हो, आपलाच रामभाऊ, हळदीच्या पोत्यांवर चढलो की ओरडणारा. सोमवारी सकाळी त्याच्या हातातली बशी सुटली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. गल्ली जमली. एक म्हणे तेलाने चोळा, दुसरा कबुतर आणायला निघालासुद्धा. तिसऱ्याने अ‍ॅस्पिरिन काढली, हार्टला देतात मग याला का नको म्हणून. सुनेने कुणाचं ऐकलं नाही. आमच्या संस्थेच्या शिबिरात दाखवलं होतं तसं तिने त्याला हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला लावले, नाव विचारलं. उजवा हात खाली घसरला तसा 108 ला फोन लावला आणि बॉलपेनने स्वतःच्या तळहातावर वेळ लिहिली: 7.40. मिरजेला डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, कधी सुरू झालं? मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनमध्ये कळलं, साडेचार तास उलटले नव्हते, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. आत रक्तस्राव असता तर ती अ‍ॅस्पिरिनसुद्धा जिवावर बेतली असती.

संध्याकाळी रामभाऊ बोलला. काय, तर "बशी फुटली का गं?" सून रडता रडता हसायला लागली.

मला तुझे अप्पा आठवले, शैले. तुम्ही त्यांना चोळणाऱ्याकडे नेलंत, मी भर अंगणात मिरज मिरज म्हणून ओरडले, आणि तू दिवाळीपर्यंत माझ्याशी अबोला धरलास. तुम्ही मायेनेच नेलं होतं, मला ठाऊक आहे. अप्पांच्या नावाने तू पैसे दिलेस त्यातूनच आमचं पहिलं बीपीचं यंत्र आलं, म्हणून हे आधी तुला सांगायचं होतं.

आता काळजी ऐक. रामभाऊ आमच्या वहीत आहे. बीपी 178/104, पुढे शेरा, 'गोळ्या दिल्या'. महिनाभर घेतल्या, डोकं दुखायचं थांबलं, सोडून दिल्या. बरं वाटतंय तर कशाला? बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, तिथेच तर घात होतो. आमच्या अहवालात मात्र रामभाऊ 'लाभार्थी' म्हणून मोजला गेलाय!

आणि आता चांगली देणगी आलीय, तर कमिटीला 29 सप्टेंबरला, जागतिक हृदय दिनाला, महाशिबिर घ्यायचंय. मंडप, फलक, टोप्या. अध्यक्षकाका मनाने सोनं, पण त्यांना एका दिवसात हजार माणसं तपासायचीत. मला शंभरच हवीत, पण बाराही महिने. दोन बायका पगारावर ठेवू. त्यांनी दर महिन्याला घरी जावं, दंडाला पट्टा बांधावा, गोळ्यांची स्ट्रिप हातात घेऊन किती उरल्या ते बघावं, संपत आल्या असतील तर आणून द्याव्यात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात गं, पण रांगेत अर्धा दिवस गेला की हमालाची मजुरी बुडते. ती कोण भरून देणार? मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा चमचा. भाकरीवर ठेचा आणि लोणचं हेच ज्याचं कालवण, त्याला नुसतं 'मीठ कमी करा' म्हणून कसं चालेल? त्याच्या घरी, चुलीपाशी बसून बोलावं लागतं. तंबाखूचं तर एका बैठकीत होतच नाही.

मीटिंगमध्ये एकजण म्हणाले, घरोघरी फिरण्याचा फोटो काय छापणार? मी म्हटलं, सुनेचा तळहात छापा.

तुझ्या लेकीच्या ॲडमिशनचं काय झालं? सासूबाईंचा मोतीबिंदू? तुझ्या यांची बदली टळली हे कळलं, बरं झालं.

एक काम कर. उच्च रक्तदाबाचा तो सरकारी कार्यक्रम ज्या जिल्ह्यांत आधी सुरू झाला त्यांत तुझं सातारा होतं. तिथे प्रत्येक पेशंटचं कार्ड असतं, तारखेला आला नाही तर विचारणा होते. एखादं कोरं कार्ड मिळालं तर फोटो काढून पाठव. रविवारी कमिटी बसतेय, त्याआधी हवं.

तुझी,
मंदा