विषय: रात्री ठराविक साईट्सच का रखडतात, चौथ्यांदा विचारतोय

कस्टमर केअर टीम,

आधीच्या तीन तक्रारी तुम्ही "रिझॉल्व्ह्ड" करून बंद केल्यात, काय रिझॉल्व्ह झालं ते तुमचं तुम्हाला माहीत.

प्लॅन 100 एमबीपीएसचा. रात्री नऊला व्हिडिओ लावला की चित्र धुरकट होतं, 240 वर येतं आणि मग ते चक्र फिरत बसतं. त्याच मिनिटाला स्पीड टेस्ट केली तर 94. तुमचं स्वतःचं व्हिडिओ ॲप मात्र एकदम स्मूथ. शेवटी व्हीपीएन चालू केलं (त्यात मी कुठली साईट बघतोय ते तुमच्यापासून लपतं), तोच फोन, तेच वायफाय, तोच व्हिडिओ, आणि 1080 मध्ये कुठेही न अडकता शेवटपर्यंत चालला. आता व्हीपीएनमुळे ट्रॅफिक लांबच्या वळणाने जातं, उलट स्लो व्हायला पाहिजे ना? म्हणजे मी काय बघतोय हे तुम्हाला दिसलं नाही की सगळं सुरळीत, असाच अर्थ मी काढणार. चुकत असेन, त्या साईटकडे जाणारी तुमची लिंकच रात्री भरत असेल, तर तसं सांगा की सरळ. तुमचा माणूस म्हणतो राउटर बंद करून चालू करा. तीनदा केला.

आणि मागच्या ईमेलमध्ये तर हद्द केलीत, म्हणे ट्रॅफिक मॅनेजमेंट कंपनीचा अंतर्गत विषय आहे, सरकारने यात पडायची गरज नाही. अहो गर्दीच्या वेळी व्हिडिओ कॉलला मोठ्या डाउनलोडच्या पुढे जाऊ द्या, माझी काही हरकत नाही, पण मग सगळ्यांच्या व्हिडिओला एकच नियम लावा ना, घरच्या ॲपला वाट मोकळी आणि बाकीच्यांना रांगेत उभं करायचं हे कुठलं मॅनेजमेंट?

कंपन्या आपणहून नीट वागतात म्हणता? अमेरिकेत 2007 मध्ये कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी बिटटोरंटची (लोक एकमेकांना फाईली पाठवतात ते) कनेक्शन्स तोडत होती, आधी कानावर हात ठेवले, मग असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यावरून चक्क बायबलची फाईल पाठवून बघितली तर ती पण अडकली! 2008 ला एफसीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, हे थांबवायला सांगितलं, 2010 ला कोर्ट म्हणालं एफसीसीला तो अधिकारच नाही. मग 2015 ला सगळ्या ट्रॅफिकला सारखंच वागवायचे कडक नियम, 2017 ला ते काढायचा निर्णय, 2024 ला परत आणायचा, जानेवारी 2025 ला कोर्टाने पुन्हा उडवले. त्यामुळे सरकारवर माझा आंधळा विश्वास आहे असं समजू नका, सरकारं तर अख्खं नेटच बंद करून टाकतात. पण निदान त्यांचा आदेश कागदावर असतो, कोर्टात नेता येतो. तुमचा नियम कुठे लिहिलाय?

तेवढंच द्या मला, लेखी. कुठलं ट्रॅफिक, किती ते किती वाजेपर्यंत, किती स्लो करता, आणि तुमच्या ॲपला तोच नियम आहे का. सहा रात्रींचे स्क्रीनशॉट वेळेसकट जोडलेत, व्हीपीएनसह आणि व्हीपीएनशिवाय.

यावेळी बंद करायच्या आधी फोन करा, आणि ज्याला राउटरच्या पलीकडचं काही कळतं अशा माणसाला करायला सांगा.

तुमचा एक (अजून तरी) ग्राहक