मुलं बोलत नाहीत, असं लिहिलंस

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि रात्री पुन्हा एकट्याने वाचलं. नेपाळात लमजुंगच्या डोंगरातल्या शाळेत शिकवायला गेलीस, तिथे तू सुखरूप आहेस, जिच्या घरी राहतेस ती गुरुङ समाजाची आमा, म्हणजे आई, तुला पोटच्या पोरीसारखं वाढते आहे, हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. मी मात्र तुझ्या एका वाक्यापाशी अडकलो. पहिली-दुसरीची मुलं हसतात, टुकूटुकू बघतात, पण बोलत नाहीत. मी इथे नक्की काय करते आहे तेच कळत नाही, असं तू लिहिलंस.

अगं, ती मुलं घरात गुरुङ भाषा बोलतात. नेपाळीशी त्यांची खरी गाठ पडते ती शाळेत, आणि पहिलीपासूनच इंग्रजीचंही पुस्तक हातात येतं. त्यात तू तुझ्या मोडक्या नेपाळीत प्रश्न विचारणार. सहा वर्षांचं मूल अशा वेळी गप्पच बसतं. त्याला काही येत नाही म्हणून गप्प असतं असं समजू नकोस. ते कान देऊन ऐकत असतं.

धडगावला पाड्यावरच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हाचं तुला कधी सविस्तर सांगितलं नाही. सगळी पावरा आदिवासी मुलं. घरी पावरी, आणि पुस्तकात मात्र प्रमाण मराठी. दिवाळीपर्यंत त्या वर्गात माझ्याशिवाय कुणाचा आवाज म्हणून निघाला नाही. एके दिवशी शेळी वर्गात शिरली आणि कोपऱ्यात बसणारी एक चिमुरडी तिच्यावर अशी काही खेकसली, की मी थक्कच झालो. मी विचारलं, ‘काय म्हणाली गं ही?’ तर अख्खा वर्ग एकदम मला समजावून सांगायला लागला! मग मी शेळीचं चित्र काढलं, त्यांचा शब्द विचारला, त्यांनी म्हटला तसा फळ्यावर लिहिला आणि त्याखाली मराठी शब्द. मी चुकीचा उच्चार केला की मुलं खो-खो हसायची आणि मला दुरुस्त करायची. हळूहळू भिंतीवर शब्दांची रांगच लागली: चूल, विळा, मका, नदी, आजी. वाचनाची गोडी त्यांना तिथून लागली.

हे तुला तिथे करता येईल. तुझ्यासोबत आलेल्या युरोपातल्या मुलींपेक्षा तुला ते सोपं जाईल, कारण नेपाळी देवनागरीतच लिहितात आणि गुरुङ शब्दही तू त्याच अक्षरांत उतरवून घेऊ शकतेस. मुलांना म्हण, मला तुमची भाषा शिकवा. वळचणीला टांगलेली मक्याची कणसं, पाठीवरची टोपली म्हणजे डोको, पाण्याची घागर, जे समोर दिसेल त्याचं नाव विचार. आधी त्यांचा शब्द, मग नेपाळी, शेवटी इंग्रजी. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेने प्रत्येक समाजाला आपल्या मातृभाषेतून शिकण्याचा हक्क दिला आहे. पण हक्क कागदावरून वर्गात आणायला असं कुणीतरी खडू हातात घ्यावा लागतो. हेडसरांना तुझ्याकडून इंग्रजी हवं आहे, ते साहजिकच आहे. गावातले कितीतरी बाप आखातात नाहीतर मलेशियात, आपल्या पोरांनी इंग्रजी शिकावं असं त्यांना वाटणारच. तर इंग्रजीही शिकव, पण गाण्यांतून, खेळातून. स्पेलिंगं घोकून घेऊ नकोस.

आणि हे सगळं तिथल्या मिसना बरोबर घेऊन कर. तू पावसाळ्याआधी परत येशील, त्या तिथेच राहणार आहेत. एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणं म्हणजे काय, हे मी पुरेपूर जाणतो. त्या पहिलीला घेऊन बसल्या की तू दुसरी-तिसरी सांभाळ. तक्ते त्यांच्या हातून होऊ देत, तू कात्री-डिंक पुढे कर. मिस छडी वापरतात असं लिहिलंस. नेपाळने 2018 च्या कायद्याने मुलांना मारण्यावर बंदी घातली आहे, त्यामुळे तुला खटकलं ते बरोबरच आहे. मुलांदेखत मात्र मिसना काही बोलू नकोस. चहा घेताना एकट्यात बोल. पुन्हा तसंच घडलं तर सरळ हेडसरांकडे जा, तिथे भीड धरू नकोस.

आता रागावून लिहितो आहे असं वाटलं तरी चालेल. परत येताना मैत्रिणीबरोबर काठमांडूच्या एखाद्या बालगृहात दोन आठवडे मुलांशी खेळायला जायचं म्हणतेस, ते करू नकोस. हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं शहरात आणली, आईबाप जिवंत असताना कागदोपत्री अनाथ केली, आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर अशी घरं चालली. 2015 च्या भूकंपानंतर तर परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले. तिथल्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप आहे. दर पंधरवड्याला नवी ताई येते, कडेवर घेते, लळा लावते आणि निघून जाते. त्या लेकरांचं काय होत असेल? तुझ्या शाळेतली मुलं संध्याकाळी आपापल्या आजीकडे जातात, हा फरक मला फार मोठा वाटतो. त्यांनाही तुझी जायची तारीख आत्तापासून सांगून ठेव.

घरात पाहुणी म्हणून बसून राहू नकोस. आमा ‘बस, बस’ म्हणेल, तरी कणसं सोलायला बस, भांडी घासायला घे. सकाळ-संध्याकाळ दालभातच असतो म्हणतेस. गुन्द्रुक, ती आंबवून वाळवलेली पालेभाजी, आवडते हे तिला सांग, खूश होईल. उष्ट्याचे नियम त्यांचे आपल्यासारखेच आहेत. महिन्याचे पैसे आमाच्याच हातात दे. आजोबा आपल्या फौजेतले पेन्शनर आहेत, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यांच्याशी हिंदीत खूप बोल.

अजून एक विचारून घे: भूकंप झाला तर मुलांना कुठे न्यायचं? 2015 चा मोठा भूकंप शेजारच्या गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ झाला. शनिवारची सुट्टी होती म्हणून कोसळलेल्या शाळांत मुलं नव्हती. तुझ्या शाळेची इमारत नंतरची असली तरी मोकळी जागा कुठली, बालवर्गाला कोण बाहेर काढणार, हे ठरलेलं असू दे.

फोन शनिवारी सकाळचं जेवण झालं की कर. तुमचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे आहे हे आई दर वेळी विसरते, म्हणून ती आधीपासूनच फोनजवळ बसते. मुलांचे फोटो कुठे टाकू नकोस. फळ्यावरच्या शब्दांचे मात्र मला पाठव, पहिले पाच-दहा झाले की लगेच.

तुझा,
बाबा