सूचना : पानाच्या नोड-आधारित टेक्स्चरचा सराव

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील सत्रात वनस्पतींच्या त्रिमितीय मॉडेलवर चर्चा होणार असल्याने प्रत्येकाने ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बनविण्याच्या सॉफ्टवेअरमधील शेडर नोड (पृष्ठभागाचा रंग व चमक ठरविणारे, एकमेकांना जोडायचे घटक) वापरून एका पानाचे मटेरियल (पृष्ठभागाचे रूप) तयार करावे व फाइल सत्रापूर्वी गटाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. छायाचित्रावरून घेतलेले टेक्स्चर (पृष्ठभागाची नक्षी) या वेळी चालणार नाही.

शिरांचे जाळे पेशींसारखे भाग पाडणाऱ्या व्होरोनॉय टेक्स्चरच्या 'डिस्टन्स टू एज' (कडेपासूनचे अंतर) या पर्यायातून काढावे, रेषा पट्टीने आखल्यासारख्या दिसू नयेत म्हणून निर्देशांकांत थोडा नॉइज (यादृच्छिक चढउतार) मिसळावा आणि कलर रॅम्पच्या (मूल्यांना रंग देणाऱ्या पट्टीच्या) खुणा जवळ आणून शिरांची जाडी ठरवावी. हेच मूल्य बंप नोडच्या (पृष्ठभागावर उंचसखलपणाचा आभास देणाऱ्या) हाइटला जोडता येते. मधली मुख्य शीर मात्र अशी मिळत नाही, ती यूव्हीच्या (मॉडेलच्या पृष्ठभागावरील द्विमितीय निर्देशांकांच्या) आडव्या अक्षावरून वेगळी काढावी लागते. झाडाची सगळी पाने एकाच हिरव्या रंगाची दिसणे ही नवशिक्यांच्या कामातील ठळक उणीव असते (दुरून ती अधिकच खटकते). पाने स्वतंत्र ऑब्जेक्ट असल्यास ऑब्जेक्ट इन्फो नोडच्या, प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळ्या मिळणाऱ्या रँडम मूल्याने छटा किंचित बदलाव्यात. पानातून प्रकाश झिरपावा यासाठी ट्रान्सल्युसंट शेडर मिसळावा.

नोडना नावे दिलेली असावीत, अन्यथा इतरांना फाइल तपासता येणार नाही.