ग्रीसच्या वाळूवर बसायला पैसे लागत नाहीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत ग्रीसच्या बेटांविषयी आलेला लेख आमच्या घरी सर्वांनी आवडीने वाचला. त्यातील एका वाक्यामुळे मात्र हे पत्र लिहिणे भाग पडले. ‘तेथील किनाऱ्यावर बसायचे तर छत्री आणि खुर्च्या भाड्याने घ्याव्याच लागतात, तेव्हा रोजच्या खर्चात ती रक्कम धरून ठेवावी,’ अशा अर्थाचा सल्ला लेखात आहे. हा सल्ला चुकीचा आहे. तो वाचून एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने हा प्रवास आपल्या आवाक्याबाहेरचा समजून बेत सोडून दिला, तर ते फार वाईट होईल.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी, माझे यजमान आणि जर्मनीत नोकरी करणारी आमची मुलगी असे तिघे नाक्सोस बेटावर अकरा दिवस राहिलो. किक्लादेस द्वीपसमूहातले हे सर्वांत मोठे बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून मोठ्या बोटीने साधारण साडेपाच तास लागतात आणि बोट बंदरात शिरताना इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास बांधायला घेतलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या अपोलोच्या मंदिराची संगमरवरी चौकट समोर उभी दिसते. या अकरा दिवसांत आम्ही एकदाही खुर्ची भाड्याने घेतली नाही. घरून नेलेली चटई आणि दोन पंचे एवढ्यावर आमचे भागले.

ग्रीसमध्ये समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तेथे जाण्या-बसण्याचा हक्क सर्वांना आहे, हे तेथील २००१ च्या कायद्यातच म्हटलेले आहे. छत्र्या-खुर्च्या मांडणाऱ्या व्यावसायिकाला सरकार वाळूचा ठरावीक तुकडा ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देते. त्या तुकड्याबाहेर त्याचा काहीही अधिकार चालत नाही. प्रत्यक्षात हे तुकडे वर्षानुवर्षे पसरत गेले आणि परवाना थोड्या जागेचा, तर खुर्च्या सगळ्या पुळणीवर, अशी स्थिती अनेक ठिकाणी झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात नाक्सोसच्या शेजारच्या पारोस बेटावरील रहिवाशांनी याविरुद्ध आवाज उठवला. खांद्यावर टॉवेल टाकून ते किनाऱ्यांवर गेले आणि ‘आमची वाळू आम्हाला परत द्या’ अशी मागणी त्यांनी लावून धरली. वृत्तपत्रांनी तिला टॉवेल चळवळ असे नाव दिले. ती नाक्सोससह इतर बेटांवरही पोहोचली, सरकारी तपासण्या सुरू झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये नवा कायदा आला. पाण्याच्या कडेपासून किमान ४ मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे, किनाऱ्याचा किमान अर्धा भाग छत्र्या-खुर्च्यांविना असला पाहिजे आणि संरक्षित निसर्गक्षेत्रात हे प्रमाण ७० टक्के असले पाहिजे, असे त्यात ठरवून दिले आहे. ‘मायकोस्ट’ नावाच्या सरकारी अ‍ॅपवर परवाना दिलेल्या जागा नकाशावर पाहता येतात आणि अतिक्रमण दिसल्यास तेथूनच तक्रारही करता येते.

हे सर्व आम्हाला आधी ठाऊक नव्हते. ते एका दुपारी कळले. किनाऱ्याचे नाव मी लिहीत नाही. पाण्याच्या जवळ चटई अंथरून आम्ही बसलो होतो, तेवढ्यात मागच्या उपाहारगृहातला एक तरुण येऊन ‘ही जागा आमची आहे, येथे बसायचे तर खुर्च्या घ्या, नाहीतर तिकडे टोकाला जा,’ असे सांगू लागला. वाद नको म्हणून यजमान चटई गुंडाळायला लागलेही होते. शेजारी झाऊच्या सावलीत एक वृद्ध ग्रीक बाई विणकाम करीत बसल्या होत्या. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या, उठून पाण्यापाशी गेल्या आणि ओल्या वाळूच्या कडेपासून पावले मोजत त्या तरुणाच्या पहिल्या खुर्चीकडे चालू लागल्या. ‘एना, दियो, त्रिया...’ आणि तिसरे पाऊल पडता पडता त्यांचा गुडघा खुर्चीला लागला. दोन आणि तीन हे आकडे आपल्या ‘द्वि’ आणि ‘त्रि’ च्या इतके जवळचे होते की काय मोजणे चालले आहे, हे भाषा न येताही आम्हाला कळले. तो तरुण काहीही न बोलता परत गेला आणि थोड्या वेळाने दोघांनी येऊन खुर्च्यांची ती ओळ मागे ओढून घेतली. त्या बाईंनी मुलीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत कायदा समजावून सांगितला आणि फोनवर ते अ‍ॅप उघडून दाखवले.

आपल्या लेखात सांतोरिनी आणि मिकोनोस या दोनच बेटांचे वर्णन आहे आणि बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेतही हीच दोन बेटे असतात. सांतोरिनीचा सूर्यास्त सुंदर असेल, पण तेथील किनारे ज्वालामुखीच्या काळ्या-तांबड्या वाळूचे आणि खड्यांचे आहेत. ज्यांना बारीक, फिकट सोनेरी वाळू आणि लांबवर उथळ राहणारे पाणी हवे आहे, बरोबर लहान मुले किंवा वयस्कर माणसे आहेत, त्यांनी नाक्सोसचा नैर्ऋत्य किनारा पाहावा. होरा या मुख्य गावाला लागूनच आयिओस योर्गिओसची पुळण आहे. गुडघ्याएवढ्या पाण्यात बरेच आत चालत जाता येते, म्हणून नातवंडे घेऊन येणारे आजी-आजोबा तेथे अधिक दिसतात. तेथून दक्षिणेकडे आयिओस प्रोकोपिओस, आया आना आणि प्लाका असे किनारे ओळीने लागतात. बंदराजवळून सुटणारी साधी बस या तिन्ही ठिकाणी नेऊन सोडते. गाडी भाड्याने घेण्याची गरज नाही. प्लाकाची पुळण जवळजवळ ४ किलोमीटर लांब आहे आणि बसमधून उतरून दक्षिणेकडे जितके चालत जावे तितक्या छत्र्या विरळ होत जातात. अखेरीस झाऊची झाडे, वाळूच्या टेकड्या आणि समोर पारोसची निळसर रेघ एवढेच उरते. मी रत्नागिरीची आहे. भाट्याच्या सुरूच्या बनात लहानपण गेलेल्या मला त्या झाऊखाली बसल्यावर परके काहीच वाटले नाही. फक्त पाणी इतके नितळ, की छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पायाची नखे मोजता यावीत.

वाऱ्याविषयी त्या लेखात एक शब्दही नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला तर ती माहिती सर्वांत आधी हवी. या दोन महिन्यांत उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा, जोरदार वारा दिवस दिवस वाहतो. छत्र्या उडतात, वाळू अंगाला टोचते आणि कधी कधी बोटीही बंद राहतात. मिक्री विग्ला येथे समुद्रात घुसलेले एक खडकाळ टोक आहे. त्याच्या उत्तरेच्या बाजूला या वाऱ्यावर पतंगाला बांधून घेऊन लाटांवर धावणारे तरुण जमतात, तर टोक ओलांडून दक्षिणेला गेले की पाणी शांत असते. आपल्याकडच्या शाळांच्या सुटीमुळे मे महिन्यात जाणाऱ्यांना वारा आणि गर्दी दोन्ही कमी मिळतील, मात्र त्या वेळी पाणी अजून गार असते. सप्टेंबरमध्ये उन्हाळाभर तापलेला समुद्र ऊबदार राहतो. वयस्कर माणसांनी शक्यतो तेव्हाच जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता जेवणाविषयी. ‘शाकाहाऱ्यांचे हाल होतात, तेव्हा सोबत खाकरे-ठेपले भरपूर न्यावेत,’ असेही लेखात म्हटले आहे. माझे यजमान पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांचे हाल झाले नाहीत. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांमध्ये उपवासांची मोठी परंपरा आहे. ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवास, १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाआधीचे दोन आठवडे आणि वर्षभरातले बुधवार-शुक्रवार या काळात श्रद्धाळू लोक मांस, अंडी आणि दूधदुभते वर्ज्य करतात. त्यामुळे कडधान्ये आणि भाज्यांचे तेलातले पदार्थ घरोघरी आणि तावेर्नांमध्ये, म्हणजे तेथील साध्या खाणावळींमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहेत. टोमॅटोच्या रसात भट्टीत भाजलेले टपोरे पांढरे घेवड्याचे दाणे म्हणजे यिगांदेस, पिवळ्या डाळीची घोटलेली फावा, भाताने भरलेले टोमॅटो आणि मिरच्या म्हणजे येमिस्ता, बटाटा-वांगी-दुधीसारख्या भाज्यांचे ब्रिआम, उकडलेली रानभाजी लिंबू पिळून म्हणजे होर्ता. हे पदार्थ खाताना मराठी माणसाला जिभेची फारशी समजूत घालावी लागत नाही. एका बुधवारी यजमानांनी भाज्याच मागितल्या, तेव्हा तावेर्नाच्या मालकिणीने ‘तुमचाही उपवास का?’ असे विचारले आणि त्यांना स्वयंपाकघरात नेऊन परातीवजा ताटांमधले एकेक कालवण झाकण काढून दाखवले. ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपवासाला चालणारे, हा एक शब्द पाठ असला की पुष्कळ काम होते. मात्र त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूल आणि ऑक्टोपस चालतात, हे शाकाहाऱ्यांनी विसरू नये आणि ते नको असल्याचे वेगळे सांगावे.

नाक्सोसच्या जेवणाचा विशेष हा की ते पुष्कळसे त्या बेटावरच पिकते. किक्लादेसमधली कित्येक बेटे खडकाळ आणि रुक्ष आहेत, पण येथे सुमारे १,००० मीटर उंचीचा झास पर्वत, त्याखालच्या दऱ्या आणि शेतीची सपाट जमीन आहे. येथला बटाटा संपूर्ण ग्रीसमध्ये नावाजलेला असून त्याला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे, जसे आपल्या हापूसला आहे. तो हाताने जाडसर चिरून ऑलिव्ह तेलात तळतात आणि वर येथल्याच गाईच्या दुधाचे ग्राव्हिएरा चीज किसून घालतात. या एका ताटलीसाठी मी पुन्हा नाक्सोसला जाईन. डोंगरातल्या हाल्की गावात १८९६ पासूनची एक भट्टी आहे. तेथे एका फळझाडाच्या पानांपासून कित्रो नावाचे मद्य गाळतात. ते फळ पाहिल्यावर मी थबकलेच, कारण ते म्हाळुंग होते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते तेच. आपल्याकडे म्हाळुंग आता बाजारात शोधूनही सहज सापडत नाही, आणि तेथे त्याच्या जाड सालीचा पाकातला मुरंबा पाहुण्यांपुढे चमच्याने वाढतात.

त्या बटाट्यावर २०२४ मध्ये संकट आले होते. पावसाने दगा दिला, बेटावरचे मोठे तलाव कोरडे पडले, शेतातल्या विहिरींमध्ये समुद्राचे खारे पाणी शिरले आणि उत्पादन फार घटले. खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आणून गावाची तहान भागवावी लागली. ज्या खोलीत आम्ही राहिलो तिच्या मालकाचे शेत होते. अंघोळीला बादली वापरता का, असे त्याने संकोचून विचारले आणि हो म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. पर्यटकांच्या पोहण्याच्या तलावांना पाणी आणि शेताला नाही, याची खंत त्याच्या बोलण्यात होती. उन्हाळ्यात या बेटांवर जाणाऱ्या आपल्या वाचकांना ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

व्यवहाराच्या काही गोष्टी आपल्या लेखात यायला हव्या होत्या. पाव बहुधा न मागताच टेबलावर येतो आणि बिलात लागतो. नको असल्यास आल्याबरोबर सांगावे. ताजी मासळी किलोवर विकली जाते, म्हणून मासा पसंत करून तो आपल्यासमोर तोलून घ्यावा आणि मगच शिजवायला सांगावे. मेन्यूकार्डावर ज्या पदार्थापुढे चांदणी छापलेली असते तो गोठवलेल्या मालाचा असतो. अधिकृत पावती मिळाल्याशिवाय ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही, असे तेथील कायदाच सांगतो आणि ते वाक्य मेन्यूकार्डावर छापलेलेही असते. किनाऱ्यावरच्या पहिल्या ओळीतल्या उपाहारगृहांपेक्षा एक-दोन गल्ल्या आत, जेथे रात्री नऊनंतर स्थानिक कुटुंबे मुलाबाळांसह जेवायला येतात, तेथे आम्हाला नेहमीच चांगले आणि स्वस्त जेवण मिळाले. जेवणानंतर द्राक्षे किंवा कलिंगडाच्या फोडी आल्या तर घाबरू नये. ती बहुधा घरची भेट असते.

गोव्यात शॅकसमोर मांडलेल्या खाटांचा आणि कोकणात किनाऱ्यालगतच्या बांधकामांचा प्रश्न आपल्याच दैनिकाने अनेकदा मांडला आहे. म्हणूनच वाळू सर्वांची असते, हे ज्या बेटांवरच्या लोकांनी टॉवेल घेऊन उभे राहून मान्य करून घेतले, त्यांच्याविषयी आपल्याच पुरवणीत नेमके उलटे छापून यावे, याचे मला अधिक वाईट वाटले.

आमच्या शेजारचे एक जोडपे येत्या मे महिन्यात ग्रीसला निघाले आहे. आपला लेख कापून त्यांनी वहीत चिकटवला आहे आणि खर्चाच्या पानावर खुर्च्यांचे भाडे दिवसागणिक मांडलेले मी स्वतः पाहिले. त्यांना मी सांगितले आहे. इतरांपर्यंत पोहोचण्याचे साधन आपल्याकडे आहे. तरी पुढील अंकात याबाबतची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी