चेहरा बदनाम झाला, बोर्ड कोणी उतरवायचा?

मा. संपादक,
स. न.

खेळाडूंच्या जाहिरातींवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. खेळाडू बदनाम झाला की त्याने मिरवलेला ब्रँडही त्याच्यासोबत बुडतो, असा लेखाचा सूर आहे आणि दाखला दिला आहे सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा. दिग्रसला आमचं वडिलांपासूनचं सायकलचं दुकान आहे, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. दाखला आमच्याच धंद्यातला निघाला, म्हणून चार ओळी लिहितो. आर्मस्ट्राँग ज्या कंपनीच्या सायकलींवर जिंकला, ती कंपनी बुडाली नाही. आज ती जगातल्या मोठ्या सायकल कंपन्यांत मोजली जाते.

कंपनीचं नाव ट्रेक. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटर्लू या लहानशा गावी १९७६ मध्ये एका लाल कोठारात सुरू झालेली. कॅन्सरमधून उठलेल्या आर्मस्ट्राँगने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं टूर द फ्रान्स ही सायकलची सगळ्यात मोठी शर्यत जिंकली ती याच कंपनीच्या कार्बनच्या सायकलींवर. पुढे १० ऑक्टोबर २०१२ रोजी तो उत्तेजकं घेत होता याचा हजारावर पानांचा पुरावा अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने बाहेर काढला. साक्षीदार २६, त्यांत ११ त्याच्याच संघातले. आठवडाभराने, १७ तारखेला, नायकेने त्याला सोडलं आणि त्याच दिवशी ट्रेकनेही. निष्कर्ष वाचून निराश झालो, संबंध संपवत आहोत, एवढंच छोटं निवेदन. २२ तारखेला सातही किताब गेले, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर सगळं कबूल केलं.

मग कंपनीचं काय बिघडलं? ती खासगी मालकीची, शेअर बाजारात नाही. त्यामुळे भाव कोसळल्याची बातमीसुद्धा झाली नाही. तिचं ‘मॅडोन’ नावाचं महागडं मॉडेल २००३ मध्ये आलं. फ्रान्सच्या दक्षिणेला मेंटॉन गावाजवळ ज्या घाटात आर्मस्ट्राँग स्वतःचा दम आजमावायचा, त्या घाटाचं हे नाव. माणूस गेला, नाव राहिलं. मॅडोन आजही विकली जाते. पुसदच्या एका डॉक्टरांनी ती जुनी घेतली आहे. सीटची उंची बदलायला माझ्याकडे आणतात तेव्हा माझाच जीव वर-खाली होतो, कारण कार्बनच्या फ्रेमवर क्लॅम्प जरा जास्त कसला की तडा गेलाच समजा. त्या घाटाची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते हसले आणि म्हणाले, सायकल हलकी आहे ना, बस.

आमचं नेहमीचं गिऱ्हाईक तर याहून मोकळं. दुधाचे कॅन लटकवणारा गवळी, मानव विकास या सरकारी योजनेतल्या सायकलीचा स्टँड बसवायला आलेली नववीतली पोरगी, मजुरीला जाणारा माणूस. एकाने दुकानातल्या पोस्टरवरच्या खेळाडूकडे बोट दाखवून विचारलं होतं, ‘‘हा चालोते काय भाऊ हे सायकल? मंग त्याले काहून पाहू? रिम दाखव.’’ रिमचा आऊट, छर्रे, फ्रीव्हील, कॅरिअरचं वेल्डिंग इथे आमचा ब्रँड ठरतो. चेहऱ्यावर भाळतात ते गिअरची सायकल मागणारे अकरावी-बारावीचे पोरं, आणि तेही महिना-दोन महिनेच.

लेखकाने मनगटावरच्या पिवळ्या पट्ट्यांचाही उल्लेख केला आहे. २००४ मध्ये आर्मस्ट्राँगच्या कॅन्सर संस्थेसाठी नायकेने काढलेले ते एका डॉलरचे रबरी पट्टे कोट्यवधींनी खपले. त्यांच्या नकला तर आमच्या पोहरादेवीच्या यात्रेतही मिळायच्या. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांच्या मनगटावर तसाच एक होता. नागपूरला किमो चालू असताना मुलाने आणून दिलेला. आर्मस्ट्राँगचं प्रकरण पेपरात आलं तेव्हा लोकांनी त्यांना काढायला सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बरा मी किमोनं झालो, त्याच्या शर्यतीनं नाही. राहू दे.’’ मला हे पटलं.

तरीही त्या कंपनीबद्दल माझ्या मनात एक अढी आहे. तिचं कारण आर्मस्ट्राँग नव्हे, ग्रेग लेमाँड. आपल्या लेखात या माणसाचं नावही नाही, आणि खरी गोष्ट त्याचीच आहे.

टूर जिंकणारा पहिला अमेरिकी म्हणजे लेमाँड, साल १९८६. पुढच्याच वर्षी शिकारीत चुकून बंदुकीचे छर्रे अंगात घुसले, मरता मरता वाचला. १९८९ मध्ये परत येऊन त्याने टूर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली, १९९० मध्ये पुन्हा. त्याच्या नावाच्या सायकली १९९५ पासून ट्रेकच बनवून विकत होती. म्हणजे एकाच छताखाली दोन विजेते. २००१ मध्ये लेमाँडने आर्मस्ट्राँगच्या मिकेले फेरारी या वादग्रस्त डॉक्टरशी असलेल्या संबंधावर उघडपणे नाराजी दाखवली. झालं! काही आठवड्यांत लेमाँडच्याच नावाने माफीचं निवेदन आलं. ते कंपनीच्या दबावाखाली द्यावं लागलं, असं तो नंतर सांगत राहिला. २००८ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीने त्याच्या नावाच्या सायकली बंद केल्या. २०१० मध्ये तडजोड झाली आणि ट्रेकने लेमाँडच्या पसंतीच्या एका धर्मादाय संस्थेला २ लाख डॉलर दिले.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. शंका घेणाऱ्याशी २००८ मध्ये फारकत. जो खरोखर खोटा होता त्याला २०१२ पर्यंत मांडीवर. तोही नायकेने सोडला त्याच दिवशी सोडला. कंपनीला आतून काय ठाऊक होतं ते मी सांगू शकत नाही, आणि आरोपही करत नाही. पण घरात एक जण धूर दिसतो म्हणून ओरडतोय आणि आपण त्यालाच अंगणात काढतोय, तर पुढे घर जळाल्यावर ‘निराश झालो’ म्हणायला तोंड कुठून आणायचं? आर्मस्ट्राँगचे किताब गेल्यावर आणि २००६ चा अमेरिकी विजेता फ्लॉइड लँडिस याचाही आधीच गेल्यामुळे, टूर जिंकलेला एकमेव अमेरिकी पुरुष म्हणून आज लेमाँडचंच नाव उरलं आहे. त्याच्या नावाची सायकल मात्र ट्रेकच्या दुकानात नाही.

दुसरं, माझ्या धंद्यातलं. खेळाडूशी करार करताना कंपनी त्यात कलम घालते: वागणूक बिघडली की करार रद्द. आमच्याशी करार करताना असं काही नसतं. मागे एका कंपनीने (नाव लिहीत नाही) दुकानावर एका खेळाडूच्या फोटोचा मोठा बोर्ड लावला, चौकटीचे आणि लायटिंगचे पैसे माझ्याकडून घेऊन. तो खेळाडू भानगडीत सापडला. टीव्हीवरची जाहिरात लगेच बदलली. माझा बोर्ड तसाच. एजंटला फोन केला तर म्हणतो, ‘‘भाऊ, चेहऱ्यावर पांढरा रंग मारून घ्या.’’ बिना चेहऱ्याचा तो सूट-बूट बाजाराच्या दिवशी सगळ्या दिग्रसने पाहिला. पोरं येऊन सेल्फी काढायची. विक्री कमी झाली नाही हे कबूल करतो, पण पेंटरचे पैसे माझ्या खिशातून गेले.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसवी जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करायला वर्षभराची आणि नंतर तीन वर्षांपर्यंतची बंदीही घालता येते. चांगलंच आहे. पण ते मालाबद्दल खोटं सांगितलं तर. मैदानावरच्या लबाडीचा हिशेब त्यात नाही, आणि दुकानदाराचा तर कुठेच नाही.

म्हणून सायकल कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. डीलरशिपच्या कागदावर एक ओळ वाढवा: जाहिरातीतला चेहरा कंपनीने सोडला, तर बोर्ड, पोस्टर आणि फोटो छापलेला माल महिन्याच्या आत कंपनी स्वखर्चाने बदलून देईल. आणि आपल्या लेखकांना विनंती, पुढच्या वेळी एखादी कंपनी बदनाम खेळाडूला सोडेल तेव्हा, त्याच्याविरुद्ध आधी बोललेल्यांशी ती कशी वागली होती तेही शोधून छापा.

आपला,
एक सायकल दुकानदार
दिग्रस, जि. यवतमाळ