आई-बाबा, या वेळी निमआराम

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तुमच्या इकडे यायच्या विमानाच्या साध्या आणि त्याहून वरच्या वर्गाच्या तिकिटातला फरक ऐकल्या ऐकल्या बाबा म्हणाले, "तेवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं." मग त्यांचं नेहमीचं वाक्य, "तिकीट कुठलंही काढा, गाडी सगळ्यांची एकाच वेळी पोचते." सगळी नोकरी एसटीच्या डेपोत काढलेल्या माणसाशी तिकिटावरून फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तू चष्मा लावून स्वतः वाच. बाबा वाचून दाखवताना त्यांना नको ते गाळतात.

बाबांच्या हिशेबात सांगायचं तर इकॉनॉमी म्हणजे लाल डबा, बिझनेस क्लास म्हणजे शिवनेरी आणि मधली प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे निमआराम. शिवनेरीचा विचार मी केलेलाच नाही. तिथे आडवं होऊन झोपता येतं हे खरं, पण पैसे जवळजवळ तिप्पट. ते मला झेपत नाहीत, आणि झेपले असते तरी आई त्या पैशांच्या विचारानं रात्रभर टक्क जागी राहिली असती. प्रश्न निमआरामाचा आहे. मुंबईहून इकडे येताना माणशी चाळीसेक हजार जास्त.

एवढे पैसे कशाचे? विमान कंपन्या पाय पसरायच्या जागेचं कौतुक सांगतात. साध्या वर्गात एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत ३१-३२ इंच असतात, निमआरामात ३८ च्या आसपास. बाबांच्या गुडघ्यांना ते सहा इंच कामी येतील. पण आईची उंची जेमतेम पाच फूट, तिचे पाय तिथे जमिनीला नीट टेकतसुद्धा नाहीत. सीटची कड मांड्यांखाली रुतते आणि पाय लोंबकळत राहतात. तिला पुढे जागा नको, पायाखाली आधार हवा. निमआरामाच्या बहुतेक सीटना तो असतो. तरीही नुसत्या पायांसाठी मी हे पैसे घातले नसते. उशी, पायाखाली घ्यायला एखादी पिशवी, असं काहीतरी जमवलं असतं.

खरं कारण वेगळं आहे, आणि ते आईनं कुणालाच सांगितलेलं नाही. मागच्या खेपेला खिडकीशी बाबा, मधे आई आणि कडेला एक अनोळखी गृहस्थ होते. ते तोंडावर पांघरूण घेऊन झोपले. त्यांना उठवायचं कसं, म्हणून आई बाथरूमला गेली नाही, आणि जावं लागू नये म्हणून पाणी प्यायली नाही. नेवार्कला उतरली तेव्हा पायात चपला शिरत नव्हत्या. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, बसून बसून." पंधरा-सोळा तास! आई, तू सातारा ते मुंबईसुद्धा असंच करतेस, मला माहीत आहे.

बाहेर विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर सबंध रात्र बसून राहायचं, आणि तीही अत्यंत कोरड्या हवेत. अशा ठिकाणी पाण्याचा उपास करायचा?

आता सीटची मांडणी बघा. मोठ्या विमानांत साध्या वर्गात एका ओळीत बहुधा तीन-तीन-तीन किंवा तीन-चार-तीन सीट असतात. दोघं कुठेही बसलात तरी तिसरं कुणीतरी आलंच. निमआरामात बहुतेक ठिकाणी दोन-चार-दोन किंवा दोन-तीन-दोन, म्हणजे खिडकीकडे दोनच. मी बघितलेल्या विमानातही तसंच आहे. खिडकीशी बाबा, कडेला आई, आणि तिसरं कुणीच नाही. आईला उठायचं तर कुणाची परवानगी नको, आणि बाबांना उठायचं झालं तर आईला ढोसायला त्यांना कधीच संकोच वाटलेला नाही. मी पैसे भरते आहे ते याचे.

बाबांनी सुचवलेल्या स्वस्त तोडग्यांचाही विचार केला. दरवाजापाशी पाय पसरायला ऐसपैस जागा असते, पण संकटकाळी दार उघडायला मदत करू शकेल अशाच माणसाला तिथे बसवतात. व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाला ती सीट देत नाहीत, आणि व्हीलचेअर मी तुम्हा दोघांसाठी मागणार आहे. (बाबा, तोंड वाकडं करू नका. तिचे पैसे पडत नाहीत आणि नेवार्कच्या इमिग्रेशनची रांग तुम्ही पाहिलेली आहे.) भिंतीमागच्या पहिल्या ओळीत तान्ह्या मुलांचे पाळणे लावतात, शिवाय सीटचे हात वर होत नाहीत. काही विमानांत शेपटाकडे दोन-दोन सीट असतात, पैसेही फारसे जास्त नाहीत. पण मागची सीट किती आदळते हे बाबांना मी काय सांगू! विमानातही सर्वांत कमी हलतं ते पंखांजवळ.

दादा मात्र म्हणाला की महागाची सीट घेतली की पाय सुजायची, रक्ताच्या गुठळीची भीती गेली. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं की चार तासांहून जास्त प्रवासात अशा गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि तरीही तो सहा हजारांत एकाला एवढाच असतो. त्यामागचं मुख्य कारण न हलता बसून राहणं. बस, रेल्वे, मोटार, कशातही तेच. तेव्हा निमआरामात बसूनही आईनं दर दोन तासांनी एक फेरी मारायचीच, आणि बसल्या जागी घोटे फिरवायचे. पायाचे घट्ट मोजे घ्यायचे का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा, मनानं दुकानातून आणू नका.

परतीचं तिकीट मात्र साधंच काढते आहे. दिवाळीला मी तुमच्याबरोबर येणार, त्यामुळे तीनच्या ओळीत तिसरी मीच. आई कडेला, मी मधे, बाबा खिडकीशी. निम्मे पैसे तिथे वाचले, ते गच्चीला लावा.

शुक्रवारी रात्री बुकिंग करीन. त्याआधी दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवा, नावं त्यातल्या स्पेलिंगप्रमाणेच लागतात. बाबांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट. जेवण आत्ताच सांगावं लागतं, तर आई, तुला उपासाचा वार येतो का ते कालनिर्णयात बघून कळव.

तुमची,
मनी